बसमधले दगडकाका

पुण्याहून दक्षिणयात्रेला निघणाऱ्या प्रत्येक बसमध्ये एक दगडकाका असतातच. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गळ्यात भिंग, आणि पिशवीत औषधांच्या डबीशेजारी भोकाभोकांचा एक काळा दगड. जगातली देवळं त्यांच्या लेखी दोनच प्रकारची: भोकांच्या दगडाची आणि बिनभोकांच्या.

कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमला या माणसाचे हाल होतात. विठ्ठल-रखुमाईचं मोठं देऊळ, शिखर आपल्याकडच्या वळणाचं. तमिळ मंडळी मराठी अभंग म्हणतात आणि काकूंच्या डोळ्यांना धार लागते. काका अंगणात उकिडवे बसून माती चोळत असतात. “कावेरीचा गाळ! पुरुषभर खणा, गाळच. यांनी तंजावरच्या बृहदीश्वरालासुद्धा दगड बाहेरून आणला, तोही ग्रॅनाइटच्या जातीचा. एक भोक नाही!”

“अहो, आधी दर्शन घ्या,” काकू म्हणतात. काका घेतात. भिंगातून.

नाश्त्याला इडली येते आणि कुणीतरी घात करतं. “काका, तुमच्या दगडासारखीच जाळी पडलीय हो.”

“सपशेल चूक! पिठात वायू आंबताना तयार होतो. शिलारसात तो आधीच विरघळलेला असतो. खोल, दाबाखाली, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निमूट बसलेले. रस वर चढला, दाब उतरला, की बुडबुडा धरतो. मग भोवतालच्या रसातला वायू त्यात झिरपत राहतो, आणि दाब घटेल तसा आतला वायू स्वतःही फुगतो. शेजारशेजारचे दोन भेटले की एक होतात.”

“सांबार निवतंय.”

“निवू दे. अकराशे-बाराशे अंशांचा बेसॉल्टचा रस पातळ असतो, बुडबुडे वर पळतात. वरची साय आधी थिजते, तिच्याखाली ते अडकतात. म्हणून प्रवाहाच्या माथ्याशी भोकांची दाटी आणि पोटात घट्ट दगड. सिलिका जास्त असेल तर रस चिकट. वायू सुटत नाही, कोंडतो, आणि डोंगरच उडवतो. त्यातला फेस थिजला की प्युमिस. पाण्यावर तरंगतो!”

इथवर ऐकणारे तिघे असतात, नंतर एकटे काकाच. आणि खरं सांगायचं तर त्यानंतरचंच ऐकण्यासारखं असतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आपल्या दख्खनच्या लाव्हात अशी भोकं राहिली. पुढे त्यांतून पाणी झिरपलं आणि आत स्फटिक वाढले: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट. वाघोलीच्या खाणीतल्या निळ्याशार कॅव्हन्साइटसाठी परदेशी संग्राहक जीव टाकतात. “आणि आपण त्याच दगडाची खडी करून रस्त्यावर ओततो!” सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलंय का, असं ते वाढप्यालाही मराठीतून विचारतात. तो कॉफी आणून देतो.

टूर मॅनेजर पोरगा नवा असतो. बसमध्ये चढता चढता तो विचारतो, “मग काका, ग्रॅनाइटला भोकं का नसतात?” खोल जमिनीत, दाबाखाली, सावकाश निवलेला खडक, त्यातलं थोडं पाणी अभ्रकाच्या स्फटिकांतच अडकलेलं, उरलेला वायू हळूहळू निघून गेलेला. हे उत्तर चिदंबरम येईपर्यंत पुरतं.

काकांइतकं नेमकं शिकवणारा मास्तर मला कॉलेजात मिळाला नाही. पुढच्या यात्रेला मात्र ते दुसऱ्या बसमध्ये असावेत.