पार्ल्याची उंची

पार्लं म्हणजे पार्लं पूर्व. रुळांच्या पलीकडेही त्याच नावाचं काहीतरी आहे, तिथे कॉलेजं आहेत, पुढे जुहूचा समुद्र आहे, असं ऐकिवात आहे. फास्ट लोकल इथे थांबत नाही, याचंही पार्लेकराला दुःख नाही. ज्यांना घाई असेल त्यांनी अंधेरीला उतरावं.

१९२१ साली इथे पार्ले टिळक विद्यालय निघालं, १९२३ साली लोकमान्य सेवा संघ. त्यामुळे शंभरी न गाठलेली कुठलीही गोष्ट पार्लेकराच्या लेखी ‘हल्लीची’. पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी. त्यांच्या शेजारी राहिलेली माणसं पार्ल्यात इतकी भेटतात की त्या सगळ्यांना शेजार पुरवायला पु.लं.ना दर महिन्याला घर बदलावं लागलं असतं. १९२९चा बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद पडला, तरी पाहुण्याला ती जागा दाखवताना पार्लेकर अजून नाक वर करून एक दीर्घ श्वास घेतो.

असा हा सुसंस्कृत माणूस सध्या मात्र कार्पेट एरियाखेरीज दुसरं काही बोलत नाही. त्याला पैशाचा मोह नाही, हे तो स्वतःच सांगतो. शेजारच्या सोसायटीला पुनर्विकासात पस्तीस टक्के जागा वाढवून मिळते आणि आपल्याला तीसच, हा प्रश्न तत्त्वाचा आहे. भाडं, कॉर्पस, दोन पार्किंग हीही तत्त्वंच.

तत्त्वांच्या आड येतं ते विमान. धावपट्टीच्या तोंडाशी असल्यामुळे इथला बराच भाग फनेल झोनमध्ये येतो. इमारत किती चढवायची हे शेवटी विमानतळ प्राधिकरणाच्या एनओसीवर अडतं, आणि त्यातली उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. कागदावरचा आकडा बघून सभासद पेढे आणतात, मग आर्किटेक्ट त्यातून जमिनीची उंची वजा करतो. वर मजले चढले नाहीत की बिल्डरला विकायला फ्लॅट उरत नाहीत, आणि फ्लॅट उरणार नसतील तर बिल्डरही उरत नाही.

परवा एका सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा गच्चीवर भरली होती. सर्वांत तरुण सभासद अडुसष्ट वर्षांचे, म्हणून धावपळीला तेच सेक्रेटरी. विषय पहिला : पुनर्विकास. विमान आलं की वाक्य अर्ध्यात थांबवायचं आणि ते गेलं की त्याच क्रियापदापासून पुढे सुरू करायचं, ही कला इथे उपजत असते. पण सभासदांपैकी आप्पा कानयंत्र काढून बोलायला उभे राहिले होते. ते थांबलेच नाहीत. कॉर्पसचा आकडा त्यांनी नेमका चाकांच्या घरघरीत सांगितला. ‘सूचनेची नोंद घेण्यात आली,’ असं सेक्रेटरींनी लिहून टाकलं. नोंद कशाची, हे विचारण्याची सोय पोटनियमांत नाही.

खजिनदारांचा मुलगा न्यू जर्सीहून झूमवर होता. इथे रविवारचे रात्रीचे साडेआठ, तिकडे सकाळचे अकरा. पंचवीस वर्षांपूर्वी तो एमएस करायला गेला तेव्हा याच गच्चीवरून घरच्यांनी विमानाला हात केले होते. पोरगं उडालं याचा केवढा अभिमान! आता तीच विमानं आठवा मजला होऊ देत नाहीत, म्हणून खजिनदार वर बघून दातओठ खातात.

‘‘बाबा, टू बीएचकेवर मुळीच तयार होऊ नका. थ्री मागा,’’ मुलगा पडद्यावरून म्हणाला.

‘‘मागतो. पण तू येणार आहेस का राहायला?’’

मुलाचे ओठ हलले आणि तेवढ्यात डोक्यावरून विमान आलं. ते चांगलं लांब जाईपर्यंत सगळे शिस्तीत गप्प राहिले. मग सेक्रेटरींनी घसा खाकरून विषय दुसरा वाचला : पाण्याची टाकी धुण्याबाबत.