यंत्राची कृपा

१९८७ साली मुंबईत देशातलं पहिलं एटीएम आलं आणि कॅशियरच्या कपाळावरच्या आठ्यांपासून खातेदाराची सुटका झाली. आता तालुक्याच्या गावीही गारेगार खोली आहे, स्टुलावर पेंगणारा रखवालदार आहे, दारावर ‘रोकड नाही’ असा सुवाच्य फलकही आहे. पैसे तेवढे नसतात. पण उधळपट्टीला आळा घालण्याचा याहून अहिंसक मार्ग कोणता? खरं तर यंत्राचाही खर्च वाचवून नुसता फलकच गावोगाव पाठवावा.

गरिबाला शिस्त लावण्याचं कामही अनेक बँकांनी मनावर घेतलं आहे. खात्यात पुरेशी शिल्लक नसताना एटीएमकडे पैसे मागितले, तर त्या दंड आकारतात. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.