आतलं दिसलं पाहिजे

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गोरेगावात आभाळाकडे बघायचं कारण एकच, पाऊस. सोयाबीन पेरलं की माना वर, काढणीला आलं की पुन्हा माना वर. गुरुजी मात्र बारमाही वर बघतात. झेडपीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, नाहीतर बांधावरून भावाशी भांडतात. यांनी लाकडाचं विमान करायला घेतलं.

लाकूडही असं-तसं चालत नाही, बाल्साच पाहिजे. तो इक्वेडोरहून येतो. कुरिअरवाल्या पोराने खोकं उचलून पाहिलं आणि म्हणाला, "गुरुजी, फसवलं तुम्हाला. आत काहीच नाही." दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रजांच्या मॉस्किटो विमानाच्या अंगात हाच बाल्सा होता, हे गुरुजींनी त्याला भर उन्हात उभं करून समजावलं. पोरगा सही न घेताच पळाला. बाईंनी चहा देता देता विचारलं, "अहो, आपली पोरं ज्वारीच्या धांड्यांच्या बैलगाड्या करायची, तेव्हा कुठं लागलं होतं इक्वेडोर?"

उत्तर द्यायच्या भानगडीत गुरुजी पडत नाहीत. पंखाच्या बरगड्या करताना तर ते कुणाशीच बोलत नाहीत. प्लायवुडचे दोन साचे, त्यांच्यामध्ये बाल्साच्या पट्ट्यांची चळत, आरपार दोन स्क्रू, आणि मग सगळ्या चळतीला एकदमच पॉलिश पेपर. सोडवल्या की सगळ्या बरगड्या केसाच्या फरकाशिवाय सारख्या. वर्गातली पोरं अशी एका साच्यात बसली नाहीत, त्याची भरपाई चालली असावी, असं माझं मत आहे.

पारावर विमानाचा विषय निघाला की कुणीतरी तळपदे काढतोच. शिवकर बापूजी तळपद्यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडवलं म्हणतात. गुरुजी शांतपणे विचारतात, "पुरावा?" आणि लगेच स्वतःचा माणूस पुढे करतात. अल्फोन्स पेनो, पॅरिस, 1871. रबराला पीळ देऊन उडवलेलं खेळणं 11 सेकंद हवेत राहिलं आणि 40 मीटर गेलं. राईट बंधूंचं 1903 मधलं पहिलं उड्डाण 12 सेकंदांचं, पण अंतर 120 फूट, म्हणजे 40 मीटरला कमीच. "खेळणं पुढं गेलं!" असं म्हणून गुरुजी मांडीवर थाप मारतात, जणू रबराला पीळ यांनीच दिला होता. कांदिवलीत गच्चीवर खरं सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव हे त्यांचं दुसरं दैवत. गच्चीचा मुद्दा त्यांनी घरीही काढून पाहिला. गच्चीवर हळद वाळत होती. विषय तिथेच संपला.

खरा तमाशा झाला तो कव्हर घालताना. शहाणा माणूस लाल-पिवळं, अपारदर्शक कव्हर घालतो. डिंकाचा ओघळ, वाकडा जोड, पेन्सिलीच्या खुणा, सगळं झाकून जातं. गुरुजींनी मागवली ती काचेसारखी फिल्म. "आतलं दिसलं पाहिजे," हा हट्ट. लोकांना वाटलं, गिफ्टचा कागद आणलाय. कुणाच्या लग्नाला जायचंय, अशी चौकशीही झाली. मग ते आठवडाभर नुसते जोड घासत बसले, खुणा खोडत बसले.

फिल्म थोडी मोठी कापायची, कडा इस्त्रीने चिकटवायच्या, मग वरून हळूहळू उष्णता द्यायची. सैल फिल्म आपोआप आक्रसते आणि टिचकी मारली तर हलगीसारखी वाजते. उष्णता जास्त झाली की पंखच पिळवटतो. पहिल्या पंखाला अर्धी फिल्म ताणली आणि लाइट गेली. अर्धा पंख गुळगुळीत, अर्ध्यावर सुरकुत्या. रात्री लाइट आली तेव्हा उरलेलं पुरं केलं, आणि सकाळी कळलं की आत एक मुंगी राहिलीय.

मुंगी काढायची तर फिल्म फाडावी लागणार. गुरुजींचा जीव खालीवर. मुंगी तिसऱ्या बरगडीवरून चौथ्या बरगडीवर निवांत फिरत होती. आळीतली पोरं रांगेत येऊन बघून गेली. "पायलट बसला की, गुरुजी. आता कवा उडणार?"

"वारा बरोबर नाही."

हे उत्तर पुढे बरेच दिवस चाललं. दरम्यान शेजारच्या वावरात फवारणीचा ड्रोन आला, पोरं तिकडे पळाली. "ते पंप आहे, विमान नव्हे," गुरुजी म्हणाले. पण ते त्यांना लागलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी सकाळी सगळा गोतावळा शाळेच्या मैदानावर हजर होता.

विमान सुटलं. उन्हात पंखाची बरगडी न् बरगडी दिसत होती. सरळ गेलं, जरा वर चढलं, पोरांनी आरोळी ठोकली, आणि मग डावीकडे कलून ते थेट गोलपोस्टवर आदळलं.

सगळे धावले. बाईंनी तोंडाला पदर लावला. हसू लपवायला की काळजीने, ते सांगता येणार नाही. गुरुजी मात्र सावकाश चालत आले, चष्मा पुसला, गुडघ्यावर बसले आणि पंख उन्हाकडे धरला.

"दुसरी गेली. तिसरी गेली. चौथीला नुसती चीर आहे. पाचवी ठणठणीत." चेहरा फुलून आला होता. "बघा! काही उघडावं लागलं का? लाल कव्हर असतं तर कळलं असतं?"

"गुरुजी, पण पायलट?" एका पोराने विचारलं.

फिल्म एका कोपऱ्यात फाटली होती. "सुटला," गुरुजी म्हणाले, आणि बाईंकडे वळले. "अगं, इस्त्री मोकळी आहे ना?"