वास कुठून आला?

"अहो वहिनी, या की जरा भिंतीपाशी. कढीपत्ता देते, पण आधी ऐका. रविवारी पेट्रोलचा वास येत होता ना तुमच्याकडे?"

"येत होता म्हणजे? गॅसचाच म्हणून मी दोनदा रेग्युलेटर बंद करून बघितला!"

"आमच्या जीपचा तो. मामंजींची हो, १९६४ ची, उंच बॉनेटची. विलीजचं ते इंजिनच उंच, म्हणून नाक वर उचललं, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. हिची टाकी सीटखाली. बसणारा पेट्रोलवरच बसतो म्हणा ना! पावसाळाभर गाडी हलली नाही. आताच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल, ते पाणी ओढतं. पाणी बसलं तळाशी, पत्र्याची झाली चाळण."

"इथेनॉल म्हणजे उसाचंच की!"

"तेच तर! आपण कारखान्याला ऊस घालायचा आणि त्यानं आपलीच टाकी खायची. तसा पत्राही साठ वर्षांचा, सगळा दोष उसावर नको. जुनी मापाला नेऊन उद्यमनगरातनं नवी टाकी करून आणली. रबरी नळ्याही बदलल्या, जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. तेवढ्यावर थांबले तर ते आमचे हे कसले! म्हणाले, गाडी उघडलीच आहे तर मागं ट्रेलरचा हूकपण बसवू."

"आता ट्रेलर कशाला?"

"ते विचारायचं नसतं वहिनी. चॅसीच्या मागच्या आडव्या पट्टीला जुनी भोकं होती, पण झिजून लांबट झालेली, शेजारी एक चीर. चिरेला वेल्डिंग. आणि ह्यांनी जुनी टाकी ठेवलीय तिथंच, हातभर अंतरावर. रिकामीच तर आहे, म्हणे! मिस्त्री ओरडलाच, 'साहेब, भरलेलीपेक्षा रिकामी वाईट. आत वाफ असते, ठिणगी गेली की संपलं.' मग मीच ती उचलून परसात ठेवली, तुमच्या भिंतीला."

"अस्सं! म्हणून वास."

"मग आतनं जाड पट्टी, आरपार बोल्ट. नुसत्या पत्र्याला हूक लावला तर पहिल्या खड्ड्यात ट्रेलर मागंच राहायचा. मी आपली बॅटरी धरून उकिडवी. नवी टाकी बसली, पाच लिटर ओतलं, गाडी सुरू झाली. पण पेट्रोलचा काटा जागचा हलेना. मीटर गेला म्हणून मीटर उघडला, वायरी उपसल्या, दुपारचं जेवण दिवेलागणीला. शेवटी मिस्त्रीच्या पोरानं टाकी नखानं खरवडली. वरनं नवाकोरा रंग, खाली रबराच्या पट्ट्या. अर्थिंगच मिळत नव्हतं! जुनी टाकी पत्र्याला पत्रा लागून होती, तिला वेगळी वायर लागायचीच नाही. एक काळी वायर जोडली आणि काटा हळूच वर सरकला."

"मग न्या की आता आम्हाला जोतिबाला, ट्रेलर जोडून."

"कुठलं काय! गाडीत बदल केला म्हणून आरटीओची परवानगी, ट्रेलरची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा. तोवर तो नारळाखाली उभा आहे, मांजर व्यालीय त्यात. आणि काटा चालतोय, तरी हे रोज सकाळी झाकण उघडून बांबूची काडी बुडवून बघतात. आजचा वास त्या काडीचा आहे, तुम्ही गॅस बंद करू नका."