टाचेची चौकशी

गोलरक्षकाने पेनल्टीच्या वेळी उभं कुठे राहायचं? 7.32 मीटर रुंद गोल, 11 मीटरवर चेंडू, आणि किक बसेपर्यंत निदान एक पाय रेषेवर हवा. 2019 च्या जूनमध्ये नियम असा झाला. आधी दोन्ही पाय लागत. म्हणजे ही म्हणे सवलत. सवलत दिली आणि पाठोपाठ कॅमेरा लावला.

त्याच महिन्यात फ्रान्समध्ये महिला विश्वचषक होता. नायजेरियाविरुद्ध वेंडी रेनारची पेनल्टी खांबाला लागली. गोलरक्षक चियामाका न्नाडोझीचा चेंडूला स्पर्शसुद्धा नाही! पण पडद्यावर दिसलं, बाईंचे पाय रेषा सोडून पुढे. पुन्हा मारा. दुसऱ्यांदा गोल, फ्रान्स 1-0. वाचवलं खांबाने, शिक्षा गोलरक्षकाला. खांब मात्र रेषेवरच होता, त्यामुळे त्याच्यावर कारवाई झाली नाही.

दोनच दिवसांनी पॅरिसात स्कॉटलंडच्या ली अलेक्झांडरने अर्जेंटिनाची पेनल्टी अडवली. पुन्हा तेच, आणि स्कॉटलंडची 3-0 ची आघाडी 3-3 वर गेली.

शूटआउटमध्ये असंच चाललं तर रेषा सोडल्याबद्दल मिळणाऱ्या पिवळ्या कार्डांनी गोलरक्षक बाहेर जातील, हे नियमकर्त्यांना मग सुचलं. स्पर्धा चालू असतानाच शूटआउटपुरतं कार्ड माफ झालं. पुढल्या वर्षी खांबालाही न्याय मिळाला: चेंडू बाहेर गेला किंवा खांबाला लागला, तर गोलरक्षकाने मारणाऱ्याला उघड विचलित केलं नसल्यास पुन्हा किक नाही.

मारणारा मात्र धावताना अडखळो, ठुमको, हुलकावणी देवो. त्याला कला म्हणतात.