ब्लूबेरीची प्रतिष्ठापना

लोणावळ्याच्या तुंगार्लीत बंगला झाला, लॉन झालं, झोपाळाही टांगून झाला. आता उणीव एकच. सोमवारी ऑफिसात डबा उघडून ‘आमच्या घरची आहे’ म्हणायचं असेल, तर आजच कामाला लागा. तीनेक वर्षांनी तो सोमवार येईल.

आधी जात पाहावी. ब्लूबेरीचं झुडूप मूळचं उत्तर अमेरिकेचं आणि शंभर वर्षांपूर्वीपर्यंत निव्वळ रानमेवा. न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी आसपासच्या रानात हिंडणाऱ्यांना सांगून ठेवलं, की टपोऱ्या फळाचं झुडूप दाखवा, पैसे देते. झुडपाला नावही शोधणाऱ्याचं. फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने या झुडपांचे संकर केले आणि 1916 साली लागवडीची पहिली ब्लूबेरी बाजारात आली. मात्र तिकडच्या जातींना सात अंशांखालची थंडी शेकडो तास लागते. लोणावळ्याची थंडी स्वेटर घालून फोटो काढण्यापुरती. तेव्हा ‘बिलॉक्सी’ मागा. ती थोडक्या थंडीवर भागवते. पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर तिचे मळे आहेत. (पेरू देश. नर्सरीत स्पष्ट बोलावं, नाहीतर पेरूचं कलम हातात पडतं.)

मग माती. आपली माती बाईसाहेबांना चालत नाही. त्यांना सामू साडेचार ते साडेपाच हवा, म्हणजे ताकाच्या अलीकडे-पलीकडे. मोठी कुंडी घ्या, तिला भोकं भरपूर ठेवा, कोकोपीट, पीट मॉस आणि पाइनची साल भरा. गंधक घालायचं तर काही महिने आधी. जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि त्यांना तुमच्या वीकेंडची घाई नसते. रोप नर्सरीत होतं तेवढ्याच खोलीवर लावा, कारण मुळं केसासारखी आणि वरच्या थरातच पसरतात. त्यांच्यावर सालीचं पांघरूण घाला. एवढं करून तुम्ही मुंबईला जाता आणि माळीमामा मायेने चुलीतली मूठभर राख घालतात. राख म्हणजे अल्कली. पुन्हा पहिल्यापासून.

पाण्याचा अध्याय सर्वांत गहन. बोअरचं पाणी जड. ते सामू चढवतं. उत्तम ते पावसाचं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतं, पण सगळं चार महिन्यांत, आणि मुळं तुंबलेल्या पाण्यात कुजतात. म्हणजे जूनपासून जिला पावसापासून वाचवायचं, तिलाच मे महिन्यात पाऊस पाजायचा. त्यासाठी पागोळ्यांखाली टाकी, आणि झुडपाला छत. मामांनी भाताच्या खाचरात वापरायचं जुनं इरलं काढून दिलं होतं. मी पॉलिकार्बोनेटचं छप्पर घातलं. दोन्हींतला फरक बिलात दिसला.

पहिल्या वर्षी फुलं आली की खुडून टाका, ताकद मुळांत जाऊ दे. हे काम स्वतः करावं, घरच्यांसमोर करू नये. शेजारी दुसऱ्या जातीचं एक झुडूप ठेवा, फळ मोठं धरतं. बुलबुलांसाठी जाळी लावा. माकडांसाठी उपाय नाही. त्यांना अगोदरच नम्रपणे कळवावं.

माझी पहिली फळं गेल्या मे महिन्यात आली. अकरा. मामांना एक दिलं. त्यांनी ते जिभेवर फिरवलं, बराच वेळ.

“पानचट हाय सायेब. पर बी नाय, ते बरं.”

मग कमरेचा पंचा सोडून त्यांनी द्रोण पुढे केला. काळी, चिकाळ, आंबटगोड करवंदं, कुंपणापलीकडच्या डोंगरातली. ती कुणी लावली नव्हती, कुणी सामू मोजला नव्हता. इतकी मोठी करवंदं मी घाटातल्या पाट्यांतही पाहिली नव्हती.

“कुठली जाळी, मामा?”

मामांनी राजमाचीपासून ड्यूक्स नोजपर्यंत सगळ्या दिशांना मोघम हात केला आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले.