कॅमेरा-निवडीचा शास्त्रोक्त विधी (केवळ ऊसपट्ट्यासाठी)

अंकुशनगर, महाकाळा, वडीगोद्री, शहागड आणि पंचक्रोशीतल्या ज्या कोणाच्या खात्यात उसाचे बिल आणि डोक्यात कॅमेरा एकाच आठवड्यात शिरतो, अशा सर्वांसाठी हे मार्गदर्शन आहे. खरे तर ते एकाच इसमासाठी आहे. पण नाव घेतले तर वहिनी माझ्याशी बोलणार नाहीत. म्हणून त्याला आपण ‘इच्छुक’ म्हणू. इच्छुक नात्याने माझा पुतण्या लागतो, याहून जास्त ओळख मी देणार नाही.

इच्छुकापुढचा पेच असा. एकीकडे व्यावसायिक मिररलेस : फुल फ्रेम सेन्सर, बदलत्या लेन्स, गळ्यात अडकवला की माणूस आपोआप दोन इंच उंच होतो. दुसरीकडे ओएम सिस्टिमच्या टीजी-७ सारखा छोटा, पाण्यात बुडवला तरी चालणारा, हातातून पडला तरी न रुसणारा रांगडा कॅमेरा. यातला कोणता घ्यावा?

विधी पहिला : आपण कोणत्या समासात बसतो ते ठरवावे. समर्थ रामदासांचे जांब इथून लांब नाही, शेजारच्या घनसावंगी तालुक्यातच आहे, आणि आपल्या कारखान्यालाही समर्थांचेच नाव आहे. तेव्हा त्यांचा आधार घेण्याचा आपला हक्क पहिला. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खलक्षणांचा. काही न बघता कॅमेरा घेणारा पहिल्यात येतो. यूट्यूबवरचे सगळे रिव्ह्यू बघून, डायनॅमिक रेंजचे आकडे तोंडपाठ करून, मग काकाला “तुमचं मत काय?” असे विचारणारा कुठे येतो, हे मी सांगत नाही. मधल्या आठ समासांत कोणी गिऱ्हाईक मला अजून भेटलेले नाही.

विधी दुसरा : किंमत रुपयांत मोजू नये, टनात मोजावी. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने सव्वादहा टक्के उताऱ्यावर टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली आहे. फुल फ्रेम बॉडी आणि तिच्यावर शोभेल अशी एक लेन्स सहज दोन लाखांच्या पुढे जाते. म्हणजे छप्पन्न-सत्तावन्न टन. एकरी तीस-पस्तीस टन धरले तर हा पावणेदोन एकरांचा ऊस झाला, आणि त्यातून तोडणी-वाहतूक अजून वजा व्हायची आहे. खत, पाणी, रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला उठणारा बाप, हे हिशेबात धरलेलेच नाही. बारा-चौदा महिने वाढवायचे आणि एका खोक्यात बसवायचे. रांगडा कॅमेरा याच्या चौथाईच्या आसपास येतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे आणि त्याप्रमाणे बिल १४ दिवसांत मिळायला हवे. इच्छुक मात्र ऊस गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ईएमआयची चौकशी करून आला होता.

विधी तिसरा : माहितीपत्रक गावात उभे राहून वाचावे. ही पत्रके समुद्र आणि बर्फ डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. त्यांचे स्थानिक भाषांतर आपले आपण करावे लागते.

पंधरा मीटर खोल पाण्यात चालतो. पंधरा मीटर म्हणजे जवळजवळ पन्नास फूट, म्हणजे आपल्याकडची बऱ्यापैकी विहीर. पण चैत्रात त्या विहिरीत पाणी किती असते, हे त्या कंपनीला कोणी कळवलेले दिसत नाही. आपली खरी गरज वेगळी आहे. कोरड्या विहिरीत काठावरून पडला तर काय? तिथे पत्रक म्हणते, २.१ मीटर उंचीवरून पडला तरी चालेल. सात फूट. उरलेल्या त्रेचाळीस फुटांची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी.

शंभर किलोचा भार सोसतो. म्हणजे मुकादम चुकून वर बसला तर हरकत नाही. बैलाने एक खूर टेकवला तर हिशेब काठावर येतो. उसाने भरलेली ट्रॉली मागे घेतली तर कॅमेरा शोधू नये, सरळ मेमरी कार्ड शोधावे.

उणे दहा अंशांपर्यंत चालतो. उत्तम. कळवले जाईल.

आणि आता सर्वांत मौजेचे कलम. या रांगड्याची वरची मर्यादा चाळीस अंश. बहुतेक मिररलेसच्या पुस्तिकेतही ० ते ४० हीच मर्यादा छापलेली असते. आपल्याकडे वैशाखात पारा चाळीस ओलांडतो तेव्हा कागदोपत्री दोघेही रजेवर असतात. एकट्या वहिनी कामावर असतात. व्यवहारात दोन्ही कॅमेरे चालतात, पण व्हिडिओ लांबला की तापून बंद पडू शकतात. तेव्हा काळा कॅमेरा बाइकच्या टाकीवर उन्हात ठेवू नये, पांढरा पंचा गुंडाळावा. हा शेवटचा सल्ला मिस्कीलपणे दिलेला नाही.

विधी चौथा : प्रकाशाशी खोटे बोलू नये. इथे मला नाइलाजाने इच्छुकाची बाजू घ्यावी लागते. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. रांगड्याचा सेन्सर अवघा अठ्ठावीसच्या घरातला. तीसपट फरक. भर दुपारी हा फरक कोणालाही दिसत नाही आणि विकणाराही दाखवत नाही. तो दिसतो रात्री, गाळप चालू असताना. यार्डात ट्रॅक्टरची रांग, वर पिवळे दिवे, गव्हाणीवर ऊस पडताना उडणारी धूळ, मागे वाफ. तिथे रांगड्याची लेन्स एफ २ पर्यंत उघडते म्हणून थोडी झुंज देते, पण झूम केला की तीच एफ ४.९ वर येते, आयएसओ चढतो आणि ड्रायव्हरच्या चेहऱ्याचा लगदा होतो. मिररलेसवर त्याच्या मिशीतला तंबाखूचा कणसुद्धा दिसतो. रात्रीचा कारखाना, लग्नाचा मांडव आणि कीर्तन एवढेच तुमचे क्षेत्र असेल, तर पुढचे वाचू नका आणि मिररलेस घ्या.

फक्त एक. आवाज नको म्हणून मूक शटर लावून एलईडीच्या दिव्यांत फोटो काढले, तर फोटोभर आडवे पट्टे येतात. नवरदेवाच्या कपाळावर असा पट्टा आला की पोरीचा मामा पैसे देत नाही. यांत्रिक शटर ठेवावे आणि वेग सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवून बघावे; आपली वीज पन्नास हर्ट्झची आहे, ती असते तेव्हा.

विधी पाचवा : राख, धूळ आणि कूस. मिररलेसमध्ये आरसा नाही, म्हणून लेन्स काढली की बहुतेक मॉडेलांत सेन्सर उघडा पडतो. काही कंपन्यांनी शटर पडदा म्हणून खाली आणण्याची सोय केली आहे, ती चालू आहे का ते बघावे. हंगामात चिमणीची काळी राख वाळत घातलेल्या धोतरावर पडते, ती सेन्सरला वेगळा न्याय का देईल? लेन्स बदलायची तर काचा वर केलेल्या गाडीत बदलावी, कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवावे, आणि रबरी ब्लोअरनेच वारा द्यावा. तोंडाने फुंकर मारणाऱ्याला माझ्या स्टुडिओत चहा मिळत नसे. सुपारी खाऊन फुंकर मारणाऱ्यास पाणीही नाही.

रांगड्याला ही भीती नाही असे समजू नये. त्याला दोन छोटी दारे असतात आणि दारांच्या कडेला रबरी सील. उसाच्या पानाच्या देठाजवळची कूस अंगात शिरली की माणूस रात्रभर खाजवतो, हे इच्छुकाला ठाऊक आहे. तीच एक कूस सीलवर चिकटून राहिली आणि दार लागले, तर पंधरा मीटर सोडा, पंधरा सेंटिमीटरवरही पाणी आत जाईल. दार उघडण्यापूर्वी कॅमेरा कोरडा करावा. उघडल्यावर सील उजेडात धरून बघावे. गाळाच्या पाण्यातून काढला की दारे बंद ठेवून स्वच्छ पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवावा. आणि सील दरवर्षी बदलून घ्यावे, असे पुस्तिकेतच म्हटलेले असते. ते पान कोणी वाचत नाही.

श्रावणात दोन्ही कॅमेरे चामड्याच्या बॅगेत कोंडून कपाटात ठेवू नयेत. काचेला बुरशी धरते आणि एकदा मुरली की काचेवरचा लेप खाते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परत निळे करून घ्यावेत. कढई स्वयंपाकाची घेऊ नये. तांदूळ मुळीच नको, त्याची भुकटी उडते.

विधी सहावा : बॅगेवर कॅमेऱ्याचे नाव मोठ्या अक्षरात असू नये.

विधी सातवा : पक्षी हे कारण पुढे करू नये. मिररलेससाठी घरच्यांना पटवायला इच्छुकाने जायकवाडी आणले. नाथसागराचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात रोहित येतात, सगळे खरे. रांगड्याचा झूम चौपट, २५ ते १०० मिलिमीटरच्या बरोबरीचा; त्यात रोहित पक्षी तांदळात राहिलेल्या गुलाबी खड्याएवढा येतो, हेही खरे. पण मिररलेसची बॉडी घेतल्याने पक्षी जवळ येत नाही. त्यासाठी चारशे-सहाशे मिलिमीटरची लेन्स लागते आणि तिच्यासाठी आणखी एक-दीड एकर. हा मुद्दा मी वहिनींसमोर मांडला तेव्हा इच्छुकाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती टिपायला कोणताही कॅमेरा पुरला असता.

विधी आठवा : किडीचा फोटो. रांगड्याला सूक्ष्मदर्शक मोड असतो. काचेपासून एक सेंटिमीटरवरचा जीवसुद्धा तो स्पष्ट दाखवतो. एकामागून एक फोकसचे फोटो घेऊन त्यांचा एक सलग फोटोही करून देतो. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात लोकरी मावा उसावर पसरला, तेव्हा पानामागची ती पांढरी लोकर बघून कित्येकांना ती कीड आहे हेच कळले नव्हते. आज पानामागचा असा फोटो खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवला तर निम्मे निदान फोटोवरच होते. मोठ्या कॅमेऱ्यात हेच करायला वेगळी मॅक्रो लेन्स घ्यावी लागते, आणि ती घेऊन चिखलात आडवे पडावे लागते. आमचा इच्छुक आडवा पडतो, हे कबूल केले पाहिजे. पाचटावर, पहाटे, दव असताना. आईने हाक मारली तर मात्र त्याला उठवत नाही.

विधी नववा : कॅमेरा किती मोठा दिसतो, याचा विचार करावा. मोळीपूजनाला मोठा कॅमेरा नेला की गव्हाणीजवळ आपोआप वाट मिळते. व्यासपीठावरची मंडळी मोळी हातात धरून थांबतात, नारळ फोडणारा हात हवेत थांबतो, दुसऱ्या रांगेतला मनुष्य खांद्यांच्या फटीतून मान घालतो. रांगडा कॅमेरा काढला तर, “बाजूला व्हा, फोटोग्राफरला येऊ द्या,” असे फोटोग्राफरलाच सांगतात. तेव्हा मानपान हा हेतू असेल तर पुन्हा मिररलेस.

फडात उलटे होते. टोळी पहाटेपासून तोडत असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एक तोडणार, एक मोळी बांधणार, पोर वाढ्यांच्या सावलीत. तिथे मोठी लेन्स रोखली की कोयता थांबतो, पदर सावरला जातो, आणि मुकादम येऊन विचारतो, “कोणत्या चॅनलचे?” त्यानंतर येतात ते सगळे सरळ उभ्या माणसांचे फोटो. छोटा कॅमेरा कोणी मोजत नाही. पोर तो हातात घेते, चिखलात टाकते, परत देते. अवकाळी आला तर इच्छुकाला शर्टात काही लपवत पळावे लागत नाही.

इथे मार्गदर्शकाने थोडे बाजूला होऊन एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. गेल्या हंगामात गाळप संपून पट्टा पडण्याच्या सुमारास हा पोरगा मोबाइलवर काढलेले फोटो अंबडला छापून, लॅमिनेट करून, टोळी गावाकडे निघण्याआधी ज्याचे त्याला देऊन आला. कोणाला सांगितले नाही. दुकानाचे बिल वहिनींना शर्टाच्या खिशात धुताना सापडले म्हणून कळले. मोबाइलचे ते फोटो मोठे केले की फुटतात, ही त्याची खरी तक्रार आहे. डायनॅमिक रेंज वगैरे तो आम्हाला घाबरवायला म्हणतो.

म्हणून निवाडा असा : रांगडा आधी घ्यावा आणि फडात न्यावा. त्यात रॉ फाइल मिळते, बारा मेगापिक्सेल भिंतीवरच्या फ्रेमला पुरतात. लग्नसराईत मिररलेस जालन्याहून किंवा संभाजीनगरहून दिवसाच्या भाड्याने आणावा, कमाई करून परत करावा. दोन-तीन लग्नसराया भाड्याची पावती खिशाला परवडत राहिली, तर विकत घेण्याचा विषय काढावा. तोही वहिनी जेवून उठल्यावर.

विधी दहावा, जो दुकानदार सांगत नाही : रांगडा कॅमेरा पाण्यात टिकतो, तरंगत नाही. भगव्या रंगाचा फुगीर तरंगता पट्टा वेगळा घ्यावा लागतो, तो घ्यावाच. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे आणि आवर्तन सुटलेले असताना काठावर वाकून पाण्याचे फोटो काढायची इच्छुकाला हौस आहे. पट्टा नसेल तर निदान पाथरीपर्यंतच्या पाहुण्यांचे नंबर लिहून ठेवावेत.